निवळी: या नावाच्या मुली

नाव: निवळी. लिंग: स्त्री. अर्थ: गढूळ पाणी स्वच्छ करणारं झाड. शुभ अंक: सात. लोकप्रियता: अतिशय दुर्मीळ. या नावाच्या मुली: १.

*

निवळीचं बी मडक्याला आतून घासायचं आणि वरून पाणी ओतायचं. गाळ खाली बसतो. तो कुठे जात नाही. नुसता दिसायला लागतो.

*

अंगणवाडीच्या रजिस्टरात दोन रक्षा आहेत.

*

मोठ्या जाळ्याची खालची कड तळाला घासत येते. तळाशी जे असेल ते जाळ्यात येतं, नाहीतर बाजूला होतं.

*

मिथुनला बहीण नाही.

*

तिला धुरपता म्हणून हाक मारली तर ती वळत नाही.

*

अर्थ

ज्योत्सना मोहाडीकडची. सासरचं गाव सानगडीपासून आठ किलोमीटर आत, तलावाच्या पारीला टेकलेलं. पार म्हणजे तलावाचा बांध. पारीच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला घरं. सासरा मनिराम मच्छीमार संस्थेतला सगळ्यात जुना माणूस. धान कापून झालं की कार्तिकात तलावात वर्षाचं पहिलं मोठं जाळं पडतं, आणि ते पडायच्या आधी मनिराम डोंग्यात उभा राहून हाका मारतो.

"सखरू, बाजूले सरक."

मागचा माणूस वल्ह्यानं डोंग्याच्या काठावर एक ठोका देतो.

"बुधी, बाजूले सरक."

ठोका.

तानू. झिंगरी. कवडू. पुनी. सातवं नाव तो अगदी हळू घेतो. पण पाण्यावर हळू बोललेलंही काठापर्यंत येतं.

२०२० च्या कार्तिकात ज्योत्सनाला सातवा महिना होता. ती टोपली घेऊन पारीवर बसली होती, तोंडावर साडीच्याच कापडाचा मास्क. सातवं नाव तिनं ऐकलं आणि तिला ते आवडलं. इतकं आवडलं की मासे घेऊन घरी येईपर्यंत ती ते मनात म्हणत राहिली.

"निवळी कोन आहे जी?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"कोनी नाही वं," मिथुन म्हणाला. "जागा आहेत त्या, तलावातल्या. हा सखरूचा खडक, ती बुधीची बाजू. त्या कोपऱ्यात निवळीचं झाड होतं म्हनते, तर ती निवळी."

"मंग जागेले सरक काहून म्हनते मामाजी?"

"जुन्या लोकाईचं काय सांगाव! तो मोटरसायकलीलेबी बसाच्या आधी नमस्कार करते."

मिथुन खोटं बोलत नव्हता. गावातल्या त्याच्या वयाच्या सगळ्या पोरांना हेच वाटत होतं. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

रात्रीचं जेवण होईस्तोवर ज्योत्सनानं फोनवर नावांचं एक पान शोधलं. त्यात अर्थ होता, राशी होती आणि खाली आकडा होता: या नावाच्या मुली, १.

"पूर्‍या देशात एकच?" तिनं विचारलं.

"बंदा रुपया," मिथुन म्हणाला. "पन आपल्या आधी कोनीतरी नंबर लावला, पाह्य."

*

नाव कोणी ठेवलं

नाव आत्या ठेवते. पाळण्यात वाकते, बाळाच्या कानात नाव सांगते, आणि मग बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. मिथुनला बहीण नव्हती, म्हणून शेजारच्या सुंदरबाईला आत्या केलं. ज्योत्सनानं नाव तिला एकटीला सांगितलं होतं. घरच्यांसाठी ते गुपित होतं.

सुंदरबाई वाकली, कानात बोलली, धपाटे खाऊन हसत सरळ झाली आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "निवळी!"

सासू रेवताबाई घुगऱ्या वाटत होती. तिचा हात भांड्यातच राहिला. ओसरीवर बसलेला मनिराम उठला, चप्पल न घालता पारीकडे गेला आणि त्या दिवशी जेवायला आला नाही.

"दुसरं ठेव," रेवताबाई म्हणाली.

"आता कोठचं दुसरं?" सुंदरबाई म्हणाली. "कानात गेलं ना वं. कानातलं नाव काढाले मोठा डाक्टर लागते."

बायका हसल्या. रेवताबाई हसली नाही. तिनं घुगऱ्या वाटून संपवल्या, भांडं घासलं, पुन्हा घासलं.

तेव्हापासून तिनं नातीला नावानं हाक मारली नाही. "ए बाय," म्हणायची. मनिराम काहीच म्हणायचा नाही, नुसतं उचलून घ्यायचा. ज्योत्सनानं आईला फोनवर सांगितलं, "मी काहीबी ठेवलं असतं तरी या बाईच्या मनाले पटलं नसतं."

काही दिवसांनी तिनं ते पान पुन्हा उघडलं. या नावाच्या मुली: २.

तिला बरं वाटलं. आपली मोजली गेली, असं वाटलं. पहिली कोण, हा विचार तेव्हा आला नाही.

*

उच्चार

पहिलं वर्ष. निवळी दहा महिन्यांची, घरात चटईवर पालथी. बाहेर तलावावर हाका चालू. सातवी हाक झाली आणि ती कुशीवर वळली, आणखी एकदा वळली आणि चटईच्या कडेला जाऊन थांबली. ज्योत्सनानं टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदाच इतकी सरकली होती.

दुसरं वर्ष. आता चालायची. ज्योत्सना तिला घेऊन पारीवर आली आणि टोपल्या मांडायला तिनं तिचा हात सोडला. सखरू, बुधी, तानू. पोरगी गवताचा तुरा तोंडात घालत होती. झिंगरी, कवडू, पुनी.

"निवळी, बाजूले सरक."

तिनं तुरा टाकला. पारीच्या पायऱ्या पाण्यात उतरतात, त्या ती उतरायला लागली. घाई नव्हती. मोठ्या माणसाचं ऐकायची सवय असलेल्या पोरीसारखी ती उतरत होती. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा ज्योत्सनानं तिला दंडाला धरून ओढली.

मागून रेवताबाई धावत आली होती. तिनं पोरीला घेतलं नाही. ती ज्योत्सनाच्या अंगावर ओरडली, "तुले कोनी सांगतलं होतं तिले इथं आनाले? ते नाव काय बाजारात भेटलं होतं तुले?"

"जागेचं नाव आहे ना ते!"

"जागेचं नाही," रेवताबाई म्हणाली आणि पायरीवर बसली. "ते मेलेल्याईचे नाव आहेत."

पारीवर बसूनच तिनं सांगितलं. तलावात बुडालेले तळाशी असतात. मोठं जाळं तळाला घासत येतं. त्यांचे पाय जाळ्यात अडकू नयेत म्हणून वर्षातून एकदा त्यांना सरकायला सांगायचं. बाकी वर्षभर त्यांचं नाव घरात घ्यायचं नाही, पोरांना सांगायचं नाही. घरात घेतलं तर ते ऐकतात.

"आन् निवळी कोनाची?"

रेवताबाईनं निवळीच्या झाडाच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"माही पोरगी," ती म्हणाली. "मिथुनच्या आधीची. चार वर्साची होती. हिची आत्या."

*

असंच दुसरं नाव

धुरपता. रेवताबाईनं सुचवलं. साकोलीला जाऊन कागदावर ते करून आणलं. घरात सगळ्यांनी तेच म्हणायचं ठरवलं.

पोरगी वळायची नाही. "धुरपता, ये," म्हटलं की ती आजूबाजूला पाहायची, आणखी कोणी आलं आहे का म्हणून.

याच दिवसांत तलावाचा तो कोपरा निवळायला लागला. पाऊस उलटला तरी हा तलाव चहासारखा असतो. त्या कोपऱ्यात मात्र तळाचे शिंपले मोजता यायचे. संस्थेचे लोक कुरकुरले. नितळ पाण्यात माशाला जाळं दिसतं. पार बांधताना माती काढलेला जुना खड्डासुद्धा तिथून दिसायला लागला होता. मनिराम डोंगा त्या बाजूला नेत नसे.

तिसरं वर्ष. मनिराम ज्योत्सनाला म्हणाला, "ह्या वर्सी तिचं नाव घेत नाही म्या. सहाच घेतो. तू पोरीले घरात ठेव, कडी लाव."

तिनं कडी लावली. निवळीला मांडीशी घेऊन बसली. सहा ठोके ऐकले. सातवा पडला नाही. ज्योत्सनानं मोठा श्वास सोडला. बाहेर जाळं ओढणाऱ्या माणसांचा एकसुरी आवाज सुरू झाला.

"आई, पाय सोड."

"म्या कुठं धरले, बाय?"

"बांधले."

पोरगी उठायला गेली आणि बसली. पुन्हा गेली, पुन्हा बसली. ज्योत्सनानं तिचा फ्रॉक वर केला. दोन्ही नडग्यांवर बारीक चौकटी उमटत होत्या, दोरा आवळल्यासारख्या. तिच्या डोळ्यांसमोर त्या खोल जात होत्या. बाहेर माणसं ओरडत होती: अडकलं, अडकलं, जोर लावा.

ज्योत्सना कडी काढून पोरीला छातीशी घेऊन पारीवर धावली. "जाळं कापा!" ती ओरडली. "मामाजी, कापा!"

चाळीस हजारांचं जाळं. संस्थेचं. मनिरामानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातून लोंबणाऱ्या दोन पायांकडे पाहिलं आणि कोणालाही न विचारता कोयता घातला.

पोरगी आईच्या कडेवरून खाली उतरली आणि चालायला लागली.

आता ज्योत्सनाला सगळं समजलं होतं. हाक मारली तर ती पाण्यात जाते. नाही मारली तर ती जाळ्यात येते. पुढल्या कार्तिकात पोरगी चार वर्षांची होत होती.

*

अंगणवाडी बौद्ध मोहल्ल्यात आहे. सेविका रत्नमालाताई. दुसऱ्या दिवशी मुलांचं वजन होतं. ज्योत्सना पोरीला काट्यावर बसवून रडायला लागली. रत्नमालाताईनं मुलांना खिचडी वाढली, मदतनिसाला लक्ष ठेवायला सांगितलं आणि सगळं ऐकून घेतलं. तिनं विश्वास ठेवला की नाही ते तिच्या तोंडावरून कळलं नाही.

"कागदावर धुरपता लिवलं तुमी," ती म्हणाली. "पन पोरगी कागद वाचते काय?"

"मंग काय करू ताई?"

रत्नमालाताईनं रजिस्टर तिच्यापुढं सरकवलं. "हे बघ. माह्याकडं दोन रक्षा आहेत. नुसतं रक्षा म्हटलं की दोघी उठून येतात, एकमेकीले ढकलतात. मंग म्या काय करतो? 'रक्षा सुगत' म्हनतो. एकच येते. दुसरी मान वर नाही करत." तिनं पेन कानाला लावलं. "तुह्या सासऱ्याले एवढं नाही सुचलं? दोघींचे बाप येगळे आहेत ना."

*

घरी ज्योत्सनानं हे सांगितलं तेव्हा मिथुन लगेच म्हणाला, "बरोबर आहे. एवढं सोपं होतं." तो रेवताबाईकडे पाहत नव्हता. एक वर्ष झालं होतं त्याला आपल्याला बहीण होती हे कळून, आणि अजून त्याला तिच्याबद्दल काय विचारावं ते सुचत नव्हतं.

मनिराम म्हणाला, "नाही होत."

"काहून, मामाजी?"

"तलावात गेलं त्याले बाप नसते. नुसतं नाव घेतो आपन, म्हनून ते तिथंच राहते. बापाचं नाव लावलं, म्हंजे घरचं केलं. घरचं केलं का ते येते."

"मंग आपलीच आहे. येऊ द्या."

"तुले समजत नाही, सूनबाई."

"मले एवढं समजते," ज्योत्सना म्हणाली, "का तुमच्या पोरीचं माह्या पोरीवर चालून राहिलं. तुमी तिले आपली म्हनत नाही, म्हनून ती माह्या पोरीच्या नावावर येऊन राहिली."

ती सासऱ्याशी अशी कधी बोलली नव्हती. मनिराम उठून जाईल असं वाटलं. तो बसून राहिला. रेवताबाई आतून बाहेर आली, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"लाव तुहं नाव," ती नवऱ्याला म्हणाली. "तीस वर्सं लाजून राहिला."

मनिराम पायाचा अंगठा जमिनीत दाबत राहिला, पाण्यात उभा असल्यासारखा.

*

या वर्षीचं जाळं

सकाळी दहाची वेळ. ऊन स्वच्छ. पारीवर गाव जमलं होतं. मागल्या वर्षी जाळं का कापलं ते कोणाला नीट सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. रत्नमालाताईसुद्धा आली होती, मासे घ्यायला आले असं म्हणत.

ज्योत्सना पायरीपासून दहा हात मागं उभी होती. निवळी तिच्यापुढं. हात धरायचा नाही असं रेवताबाईनं सांगितलं होतं. धरला तर समजणार नाही कोण सरकलं. ज्योत्सनानं स्वतःचेच हात एकमेकांत धरले.

मनिरामानं डोंगा त्या कोपऱ्याकडे घेतला. खालचा तळ काचेखाली ठेवल्यासारखा दिसत होता: शिंपले, एक तुटलेलं मडकं, खड्ड्याची कड.

सखरू. ठोका. बुधी. ठोका. तानू, झिंगरी, कवडू, पुनी.

मागचा माणूस वल्हं उचलून थांबला. पारीवर कोणाचं तरी बाळ रडत होतं, त्याला कोणी गप्प केलं.

"निवळी," मनिराम म्हणाला.

पारीवरची पोरगी ताठ झाली. तिचा उजवा पाय उचलला गेला.

"निवळी मनिराम," तो म्हणाला, या वेळी मोठ्यानं, गावाला ऐकू जाईल असं. "माह्या पोरी. बाजूले सरक."

उचललेला पाय होता तिथंच खाली आला. निवळीनं मान वळवून आईकडे पाहिलं. "मले नाही म्हनत," ती म्हणाली.

ज्योत्सनाला पाण्याकडे पाहायचं नव्हतं. पण पाणी नितळ होतं आणि सगळे पाहत होते. खड्ड्याच्या तळातून गाळाचा एक लहान ढग उठला. बसलेलं कोणी उठलं की उठतो तसा. मग थोडं अलीकडे दुसरा. मग तिसरा, खड्ड्याच्या कडेवर. एकामागून एक, लहान पावलाएवढ्या अंतरानं, डोंग्याच्या खालून, पायऱ्यांच्या दिशेनं. शेवटचा ढग सगळ्यात खालच्या पायरीपाशी उठला आणि पसरला. त्यानंतर त्या कोपऱ्यातलं पाणी बाकीच्या तलावासारखं चहाच्या रंगाचं झालं.

"ठोका दे," मनिराम मागच्या माणसाला म्हणाला.

जाळं भरून आलं. रोहू, कतला, दोन मोठ्या मरळी. कुठे अडकलं नाही. लोक हसायला लागले, भाव करायला लागले. रत्नमालाताईनं निवळीच्या नडग्या हात फिरवून पाहिल्या आणि अर्धा किलो मासे घेऊन गेली.

दुपारी घरी रस्सा झाला. ओसरीवर पंगत बसली: मनिराम, मिथुन, मधे निवळी. ज्योत्सना वाढत होती. तिला वाटत होतं की आज दोन वर्षांनी आपल्याला भूक लागली आहे.

रेवताबाईनं भात उपसला, पदराला हात पुसले आणि हाक मारली, "निवळी, जेवाले ये."

चार वर्षांत पहिल्यांदा तिनं ते नाव घेतलं होतं. मिथुन म्हणाला, "हे काय बसली माय, तुह्यासमोर." पण रेवताबाई नातीकडे पाहत नव्हती. ती दाराकडे पाहत होती. हातात आणखी एक ताट होतं.

निवळीनं दाराकडे पाहिलं, मग आपलं ताट उचललं आणि हातभर बाजूला सरकली.

*

१९९४ च्या कार्तिकात, पहिल्या जाळ्याच्या दिवशी, मनिराम जाळं ओढत असताना त्याची चार वर्षांची मुलगी कमरेएवढ्या पाण्यात त्याच्यापुढं येऊन उभी राहिली होती. त्यानं तिला बाजूला सरकायला सांगितलं, ती सरकली, आणि बाजूला खड्डा होता.